उठून जाण्याची मुभा

जामखेडमध्ये धर्म कुणाचाच खासगी नाही. पहाटे मशिदीचा भोंगा, पाठोपाठ देवळातली काकड आरती, एप्रिलात भीमजयंतीची मिरवणूक, भाद्रपदात गणपतीचे मांडव, आषाढीच्या आधी पंढरीच्या वाटेला लागलेल्या दिंड्या. ज्याने तुळशीची माळ घातली तो ती सदऱ्याखाली लपवत नाही. पंगतीत आपण माळकरी आहोत हे वाढणाऱ्याला आधीच कळलेलं बरं, असाच त्याचा हिशेब असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देवाची कृपा रंगवलेली, दुकानाच्या पाटीवर कुलदैवत. सगळं उघड्यावर. अशा मुलखात ‘धर्म ज्याचा त्याने घरात ठेवावा’ हा सल्ला मुख्यतः एकाच समाजाला दिला जातो, तो म्हणजे ख्रिस्ती. (मुसलमानांनाही ऐकावं लागतं, पण त्यांच्याशी वाद होतो तो भोंग्याच्या आवाजावरून. ख्रिस्ती माणसाने तोंड उघडावं की नाही, इथूनच सुरुवात.)

ख्रिस्ती समाजातही याबद्दल एकमत नाही. ज्याला आनंदाची बातमी मिळाली त्याने ती सांगितलीच पाहिजे, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, दिवस कसे आहेत बघा, रविवारी देवळात जा, नाताळला तारा लावा, बाकी गप्प बसा. तिसरे लोक कामाला लागतात आणि या वादात पडत नाहीत. या तिसऱ्यांचं गाव म्हणून जामखेडकडे बघावं लागतं. पण तेही वाटतं तितकं सरळ नाही.

नगरहून जामखेडला जायचं तर वाट बीड जिल्ह्यातून जाते. कडा आणि आष्टी मागे टाकून पुन्हा नगर जिल्ह्यात शिरलं की जामखेड. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, आणि ज्या अहिल्याबाईंवरून ते पडलं त्यांचं चौंडी याच तालुक्यात. पलीकडे खर्डा, जिथे १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं. पावसाने कायम हुलकावणी दिलेला हा पट्टा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडं बांधून साखर कारखान्यांकडे निघतात, त्यात इथलीही माणसं असतात. इथे १९७० मध्ये एक डॉक्टर जोडपं आलं आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी माणसं तपासायला सुरुवात केली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे.

रजनीकांत याच जिल्ह्यातले, शिक्षक आई-वडिलांचे चिरंजीव. मेबल जबलपूरच्या. त्यांचे वडील तिथल्या धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात नवा करार शिकवत. दोघांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. १९६० मध्ये लग्न झालं आणि लग्नातच त्यांनी ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांत घालवायचं. मग काही वर्षं नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. खाटेवरचा रोगी बरा करून घरी पाठवावा आणि थोड्या दिवसांनी तो त्याच दूषित पाण्याचा, त्याच उपासमारीचा आजार घेऊन परत यावा, हे त्यांनी तिथे पाहिलं. त्यानंतर अमेरिकेत पुढचं शिक्षण, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, आणि परत येऊन जामखेड.

म्हणजे माणसं मुळापासून ख्रिस्ती. जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेचा वैद्यकीय आयोग पाठीशी होता. अशा माणसांनी नगर जिल्ह्यात दवाखाना काढला, तर लोकांच्या मनात पहिला प्रश्न कोणता येणार?

त्या प्रश्नामागे शे-दीडशे वर्षांचा इतिहास होता. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरात १८३१ मध्ये ठाणं मांडलं. मिशनने शाळा काढल्या, मुलींच्याही काढल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते इथल्याच मिस फॅरारबाईंकडे, असं सांगतात. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. मग दुष्काळ आले, १८७६ ते ७८ चा आणि शतक संपतानाचे दोन. मिशनांनी धान्य दिलं, कामं काढली, अनाथ मुलं सांभाळली आणि बाप्तिस्मेही दिले. महार, मातंग वस्त्यांमधून कुटुंबंच्या कुटुंबं ख्रिस्ती झाली. पाटलाच्या विहिरीवर ज्याला पाणी मिळत नव्हतं त्याला कुणी पाणी दिलं आणि माणूस म्हणून शेजारी बसवलं, तर त्याने त्याचा देव का घेऊ नये, हे मला कधी कोडं वाटलं नाही. पण गावाने एकच शब्द लक्षात ठेवला : पोटासाठी बाटले. हा टोमणा चार पिढ्या गेला तरी बुजलेला नाही, आणि ज्यांनी तो मारला त्यांच्यापैकी कितीजणांनी त्या दुष्काळात महारवाड्यात भाकरी पोचवली होती, हे फार क्वचित विचारलं जातं.

या संशयाचं सगळ्यात बोलकं प्रकरण जामखेडचं नाही, पुण्याचं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि मग ते पुण्याला हलवलं. उच्चवर्णीय बालविधवांसाठीची ही शाळा आणि वसतिगृह. धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं, आणि त्या भरवशावर रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार झालेली. रमाबाई सदनात स्वतःपुरती प्रार्थना करत. खोलीचं दार मात्र बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. झालं. ‘केसरी’ने रान उठवलं आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं.

हे प्रकरण बहुतेकजण आपापल्या पक्षाच्या बाजूने सांगतात. मला त्यात दोन दारं दिसतात. एक रमाबाईंच्या खोलीचं, आणि ते उघडं ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. स्वतःच्या घरात दार लावून, आवाज दाबून प्रार्थना करायला त्या काही चोर नव्हत्या. दुसरं दार सदनाचं. त्या दारातून बाहेर पडलेली चौदा वर्षांची विधवा जाणार कुठे होती? सासरी वपन करून कोपऱ्यात बसवणार, माहेरी डोक्याला भार. जिने आसरा दिला तिच्या शेजारी जाऊन बसणं ही त्या मुलीची भक्ती होती, माया होती की उपकाराची फेड, हे तिलाही सांगता आलं नसतं. इथपर्यंत टीकाकारांचं खरं होतं. मात्र त्या मुलीला परतीची वाट नव्हती ती रमाबाईंमुळे नव्हे. ती वाट टीकाकारांच्याच घरांनी बंद केली होती. ज्याने बाहेरचं दार लावून घेतलं त्यानेच आतलं दार उघडं का म्हणून ओरडायचं, यात मोठा विनोद आहे. तो त्या वेळी फारसा कुणाला जाणवला नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन टेकतो. श्रद्धा उघडपणे सांगावी की नाही याचं उत्तर सांगणाऱ्याकडे बघून मिळत नाही. ऐकणाऱ्याकडे बघावं लागतं. त्याला उठून जाता येतं का? उठून गेला तर त्याचं काही बिघडतं का?

आता १९७२ चा दुष्काळ घ्या. जामखेड तालुका होरपळला होता. आरोळ्यांचा प्रकल्प नुकता रांगत होता. मुलांसाठी शिजवलेलं अन्न, लोकांसाठी कामं, पाण्यासाठी कूपनलिका. शंभर वर्षांपूर्वीच्या मिशनरीने ज्याला दैवी संधी म्हटलं असतं, तशी ही वेळ. अन्न यांच्या हातात, पाणी यांच्या हातात, समोर भुकेलं गाव. आणि प्रकल्पाने या बदल्यात देवाचं नाव मागितलं नाही. धर्मांतर हा तिथल्या कामाचा भागच नव्हता. कूपनलिकांबाबत मात्र त्यांनी एक खोडी केली : हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. गावातल्या बायकांना घागर घेऊन तिथे जाण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. पाणी आधी भरायचं की शिवाशिव आधी सांभाळायची, हे दुष्काळात लवकर ठरतं.

याला धर्मप्रसार म्हणायचं का? ज्याला बायबल वाटण्याचीच भीती वाटते तो नाही म्हणेल. मी थोडा अडखळेन. महारवाड्यात हातपंप बसवणं हे गावच्या धर्माला बायबलच्या शंभर प्रतींपेक्षा जास्त झोंबलं असणार. बायबल न उघडता ठेवून देता येतं, घागर रिकामी ठेवता येत नाही.

पुढची गोष्ट आता आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत गेली आहे. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहीनात, तेव्हा गावांनीच आपल्यातल्या बायका निवडून द्याव्यात असं ठरलं. बहुतेक निरक्षर, पुष्कळ दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, एकत्र जेवत, मुक्कामी राहत. पहिल्या दिवसांत कुणाच्या हातचं कुणी खावं यावरून कुरबुर झाली, मग ती मिटली. बाळंतपण सुखरूप कसं करायचं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, मुलांची वजनं, क्षय आणि कुष्ठरोग वेळेवर कसा ओळखायचा, हे सगळं या बायकांनी गावागावांत नेलं. १९७१ मध्ये या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भकं वर्षाच्या आत मरत. पंचवीस वर्षांत तो आकडा तिसाच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण घेतलं. १९७८ मध्ये अल्मा आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा निघाला, त्यामागच्या उदाहरणांत जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांत आरोळ्यांना पद्मभूषण. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. कोविडच्या लाटेत त्यांच्या मुलांनी, डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी, चालवलेल्या केंद्रात लोक लांबून उपचाराला येत होते.

या कामावर दोन्हीकडून आक्षेप घेता येतो. पाश्चात्त्य देणगीदार चर्चमधला कर्मठ भाविक म्हणेल : एवढं केलंत, पण त्यांना ख्रिस्त सांगितलात का? जुन्या मिशनांच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांचा रकाना असे, तो इथे कोरा. उलट बाजूचा संशयात्मा म्हणेल : हे गप्प बसणंच डाव आहे, सेवा करून मन जिंकायचं आणि मग काम पुढच्या पिढीवर सोडायचं. दोघांच्याही मनात सेवा ही कशाची तरी पूर्वतयारी आहे. सेवेतच काम पुरं होतं, हे दोघांनाही पटत नाही.

गंमत म्हणजे ज्या ग्रंथावरून हा वाद, तो स्वतः एका बाजूचा नाही. डोंगरावरच्या एकाच प्रवचनात येशू म्हणतो की दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात. आणि थोडं पुढे, त्याच प्रवचनात, प्रार्थना दार लावून करा, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून दाखवू नका, दान देताना कर्णा वाजवू नका. मार्काच्या शुभवर्तमानात तो एका कुष्ठरोग्याला बरा करतो आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावतो. तो माणूस अर्थात गावभर सांगत सुटतो. पुढे भूत लागलेल्या दुसऱ्या एकाला बरा केल्यावर, घरी जा आणि आपल्या माणसांना सांग, असं म्हणतो. मला यात विसंगती वाटत नाही. बरं करणारा बोलत नाही, बरा झालेला बोलतो. आपल्या मर्जीने, आपल्या माणसांत, जिथे त्याला कुणी काही देणं लागत नाही. आरोळ्यांनी हा अर्थ मनात धरला होता की नाही, त्याची साक्ष माझ्याकडे नाही. त्यांचं वागणं त्याला धरून होतं.

म्हणजे ख्रिस्ती माणसाने तोंड शिवून घ्यावं का? इथे नगर जिल्ह्यातच राहिलेला दुसरा माणूस आठवतो, आणि तो गप्प बसणाऱ्यांतला मुळीच नव्हता. नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, घरदार दुभंगलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि मग स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ते सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितलं आहे. टिळकांनी ख्रिस्त सांगितला तो अभंगांतून, भजनांतून, कीर्तनातून. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन उचललं होतं. टाळ तेच, झांजा त्याच, पूर्वरंग-उत्तररंग तेच, आख्यान मात्र येशूचं. कीर्तन चव्हाट्यावर होतं. ज्याला रुचलं तो बसला, ज्याला रुचलं नाही तो धोतर झटकून उठला. कीर्तनकार त्याचा दुसऱ्या दिवशीचा डॉक्टर नव्हता, सावकार नव्हता, मास्तरही नव्हता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही एकत्र यावं अशी त्यांची इच्छा होती. दोन वर्षांतच ते वारले. मिशनच्या नोकरीत राहून ख्रिस्त सांगितला तर ऐकणाऱ्याच्या मनात पगाराची शंका येते, हे त्यांच्याइतकं कुणाला टोचलं असेल असं वाटत नाही.

जाता जाता : याच नगरच्या ख्रिस्ती घरातला मुलगा शाहू मोडक पडद्यावर ज्ञानेश्वर झाला, आणि कृष्ण तर कितीदा झाला. लोक त्याच्या पाया पडत. त्याने धर्म लपवला नाही आणि कुणी विचारलाही नाही. तेव्हा आपण जास्त सहिष्णु होतो असं म्हणण्याची घाई मी करणार नाही, कारण त्याच काळात गावोगाव दलित ख्रिस्ती माणसाला देवळाच्या पायरीलाच काय, पाणवठ्यालाही शिवता येत नव्हतं.

त्या दलित ख्रिस्ती माणसाकडे आलो की ‘खासगी की उघड’ हा प्रश्नच बदलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. त्यामुळे दाखल्यावर एक आणि रविवारी एक, असं जगणारी घरं या जिल्ह्यात आहेत. पिढीजात वस्ती तीच, जातीची वागणूक तीच, पण येशूचं नाव उघड घेतलं की पोराची शिष्यवृत्ती जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाप्तिस्मा घेतलेल्या बाईंचा, हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मिळावा हा दावा फेटाळला आणि हे राज्यघटनेशी केलेलं कपट ठरवलं. कायद्याने बघितलं तर न्यायालयाचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण कपट करायला लागावं अशी व्यवस्था कुणी केली, हेही विचारलं पाहिजे. आरोळ्यांचं मौन त्यांनी स्वतः निवडलेलं होतं, मागे पद्मभूषण असलेलं. या माणसाचं मौन फॉर्मवरच्या एका रकान्याने लादलेलं आहे. दोन्हींना एकच नाव देऊन संयमाचं कौतुक करणं बरं नव्हे.

राज्यघटना या बाबतीत धीट आहे. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा शब्द काढून टाका अशी मागणी झाली, चर्चा झाली आणि शब्द राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की आपला धर्म समजावून सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे, व्यवहारात ते निसरडं आहे. समजावणं कुठे संपतं आणि घडवणं कुठे सुरू होतं, हे ठरवायचं काम शेवटी ठाण्यातल्या फौजदाराकडे येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यापुढे सक्तीच्या धर्मांतराचा विषय होता. सक्ती आणि आमिष रोखलंच पाहिजे. पण खरी सक्ती शोधायची तर सभेत भाषण करणाऱ्याच्या मागे लागून भागणार नाही. ज्याच्या हातात भाकर, औषध, नोकरी, वसतिगृहातली जागा आहे, तो त्या हाताने आणखी काय मागतो, हे बघावं लागेल. आणि ते सगळ्याच धर्मांच्या संस्थांना लागू करावं लागेल.

गांधीजींचा मिशनऱ्यांशी वाद याच मुद्द्यावर होता. दवाखाने काढा, शाळा काढा, त्यामागे धर्मांतराचा हेतू ठेवू नका, असं ते म्हणत. त्याच वेळी स्वतः मात्र रोज संध्याकाळी मैदानात, हजारो लोकांसमोर प्रार्थना करत, त्यात कुराणाच्या आयतीही असत. त्यांचा धर्म काही खोलीत बंद नव्हता. १९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत कुणी कुराणाला हरकत घेतली की ते प्रार्थना थांबवत. हरकत घेणारा एकटा असला तरी थांबवत. उघड्यावर प्रार्थना करायची तर नको म्हणणाऱ्यालाही तिथे जागा ठेवावी लागते, हे त्यांनी पाळलं.

तेव्हा ख्रिस्ती माणसाने बोलावं, असं माझं मत आहे. बाजारात बोलावं, मित्रांत बोलावं, लेख लिहावा, कीर्तन करावं, माळकऱ्याच्या माळेइतका त्याचा क्रूसही उघड असावा. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला सप्टेंबरात सगळ्या जातिधर्मांची माणसं लोटतात, तिथे कुणी कुणाला घरात बसा म्हणत नाही, हे याच जिल्ह्यात घडतं. पण डॉक्टरने खाटेवरच्या माणसाशी आजाराबद्दलच बोलावं, मास्तराने वर्गात धड्याबद्दल आणि दुष्काळात धान्य वाटणाऱ्याने मापाबद्दल. तो माणूस बरा होऊन घरी गेला, आपल्या पायांनी परत आला आणि त्याने विचारलं, ‘डॉक्टर, तुम्ही हे सगळं कशासाठी करता?’ तर मात्र डॉक्टरने खोटं सांगू नये.